सूनबाईंचे एकोणीसशे शेहेचाळीस उल्लेख

दुसऱ्याच्या कीर्तीची मोजदाद करण्याचे काम ज्याच्या हाती येते, त्याच्या वाटेवर दोन खड्डे आधीपासून खणलेले असतात. एक तर तो प्रेमापोटी जास्त मोजतो, किंवा आपल्याच निःपक्षपातीपणाच्या मोहात पडून कमी मोजतो. मी नऊ दिवसांत या दोन्ही खड्ड्यांत पडलो, आणि तिसरा माझा मी खणला. हेतू शुद्ध होता एवढे सांगितल्याने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून निघत नाही, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. मला स्वतःला ते सत्तरी उलटल्यावर समजले.

आमची सूनबाई रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करते. पेशीतला डीएनएचा धागा कुठे तुटला, तर तो सांधणारी प्रथिने त्या तुटीपाशी कशी आणि केव्हा पोहोचतात, हा तिचा विषय. घरी आलेल्या पाहुण्यांना मी हे एका वाक्यात सांगत असे आणि दुसरे वाक्य विचारले जाण्याआधी त्यांच्यापुढे चहा ठेवीत असे. माझा जन्म संस्कृत टीकाग्रंथांत गेला. तुटलेल्या हस्तलिखितापलीकडे कोणती तूट जोडण्याचा मला अनुभव नाही.

ज्या संस्थेत ती काम करते, तिथे ती गेली नऊ वर्षे 'तात्पुरती' होती. दर तीन वर्षांनी मुदत वाढे. या खेपेला मात्र वाढ मिळणार नव्हती. कायम होणे किंवा बाहेर पडणे, एवढेच दोन मार्ग होते. कायम झाली नाही, तर तिची प्रयोगशाळा बंद होणार, नऊ वर्षे जपलेल्या पेशी गोठवून दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, आणि तिच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या तिघी मुली नवा मार्गदर्शक शोधत हिंडणार. यासाठी एक एकवीस पानी अर्ज होता, आणि त्या अर्जाच्या परिशिष्ट चारमध्ये तिच्या आजवरच्या सर्व संशोधननिबंधांची सूची द्यायची होती. लेखक क्रमाने, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, आणि जगातल्या इतर संशोधकांनी त्या निबंधाचा आपल्या लेखनात किती वेळा उल्लेख केला, तो आकडा.

"नेमका आत्ताच प्रयोग ऐन भरात आलाय," ती जेवताना म्हणाली. "पेशी सोडून उठता येत नाही. ही यादी करायला मला वेळच नाही."

"यादी माझ्याकडे दे," मी म्हणालो.

चिरंजीवांनी ताटातून डोके वर काढले नाही; संकट आले की ते असेच जेवतात. आमच्या कुटुंबाने मात्र माझ्याकडे पाहिले.

"अहो, तुम्ही मागे सामानाची यादी केली होती. तिला तळटीपा होत्या."

मी त्या शेऱ्याकडे दुर्लक्ष केले. मी एका जुन्या टीकेची जी आवृत्ती सिद्ध केली, तिची संहिता नव्वद पानांची आहे आणि सूची एकशे चाळीस. सूची म्हणजे काय, हे मला घरात कोणी सांगावे अशी परिस्थिती नव्हती.

"खरंच कराल, बाबा?" सूनबाई म्हणाली. "साइटवरून नुसतं उतरवायचं आहे. फार खोलात जाऊ नका मात्र."

हे शेवटचे वाक्य मी ऐकले. ऐकले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या दारावर गेलो. तिथे सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. कोणतीही गोष्ट ते दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत सांगतात, म्हणून सगळी इमारत त्यांना दशांशराव म्हणते, आणि ते त्याला हरकत घेत नाहीत. त्यांनी संगणक उघडला, सूनबाईचे नाव टाकले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पंडितजी, बसा जरा," ते म्हणाले. "एकसष्ट पेपर आहेत. उल्लेख चार हजार दोनशे आठ."

मी बसलो. चार हजार दोनशे आठ वेळा, कुठे कुठे, कोणी कोणी, आमच्या घरातल्या त्या मुलीचे नाव आपल्या हाताने लिहिले होते. ती मुलगी सकाळी निघताना किल्ल्या विसरते आणि जिन्यातून परत येते.

"आणि हा बघा एच-इंडेक्स," दशांशराव म्हणाले. माझ्या चेहऱ्यावरचा कोरेपणा पाहून ते थांबले. "असं समजा, की एका गुरूचे एकोणीस शिष्य आहेत, आणि त्या प्रत्येक शिष्याचे स्वतःचे निदान एकोणीस शिष्य. मग त्या गुरूचा एच-इंडेक्स एकोणीस. अठरा शिष्यांचा पसारा मोठा आणि एकोणिसाव्याचे दोनच चेले, तर नाही चालायचं."

हे मला लगेच कळले. इतके लगेच, की आधुनिक विज्ञान माझ्यासाठीच घडवले गेले आहे असे क्षणभर वाटून गेले. एक निबंध म्हणजे एक शिष्य. तो घराबाहेर पडतो, दुसऱ्या देशात जातो, तिथे कोणाच्या तरी कामाला येतो, आणि ते लोक कृतज्ञतेने त्याच्या मूळ घराचे नाव नोंदवून ठेवतात. परंपरा म्हणजे आणखी काय असते?

"तुमचं नाव टाकू?" दशांशरावांनी विचारले.

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी टाकले होते. पडद्यावर बराच वेळ काही हलले नाही. मग एक नोंद आली. माझ्या ग्रंथाचा आजवर एकदा उल्लेख झाला होता, आणि तो मीच माझ्या पुढच्या लेखात केला होता.

"शून्य दशांश..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या," मी म्हणालो.

घरी येताना जिन्यात विम्याचे काम करणाऱ्या शेजारीणबाई भेटल्या. त्यांना मी चार हजार दोनशे आठ हा आकडा सांगितला. तो मी कोणालाही सांगितला नसता, पण त्यांनी विचारले, "कसं काय?" आणि मला दुसरे उत्तर सुचले नाही. दुपारपर्यंत आकडा गच्चीवर पोहोचला. संध्याकाळी बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "एवढी मोठी व्यक्ती घरात असताना तिचा विमा नसणं शोभत नाही."

तिसऱ्या दिवशी सूची उतरवताना मला एकसष्टांतल्या सत्तावीस निबंधांच्या शीर्षकात दाढा आढळल्या. दाढांची मुळे, दाढांची झीज, दाढांवरील कवच. सूनबाईचा आवाका मोठा असेल, असे मानून मी सहा निबंध उतरवलेही. सातव्याच्या शेवटी लेखिकेचे छायाचित्र होते. नाव तेच, आद्याक्षरे तीच, चेहरा मात्र कोणा अपरिचित आणि अतिशय निरोगी दातांच्या बाईंचा. सत्तावीस निबंध आणि दोन हजार दोनशे बासष्ट उल्लेख त्या दंतवैद्य बाईंचे निघाले. आमच्या वाट्याला चौतीस निबंध आणि एकोणीसशे शेहेचाळीस उल्लेख उरले.

"दातांना जास्त मागणी दिसते," चिरंजीव म्हणाले. त्या आठवड्यातले हे त्यांचे पहिले वाक्य.

मी खाली जाऊन विमेकरीणबाईंना खरा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "चालायचंच," पण ते ज्या स्वरात म्हणाल्या, त्या स्वरात हप्ता चुकलेल्या माणसाशी बोलतात. या अपमानानंतर मी ठरवले, की आता सूची अशी करायची, की एका अक्षरालाही कोणी बोट लावू शकणार नाही. माणूस असा निश्चय करतो, तेव्हा घरच्यांनी सावध व्हावे.

एकोणीसशे शेहेचाळीस उल्लेखांची नावे पाहता पाहता मला बेचाळीस ठिकाणी सूनबाईचेच नाव दिसले. तिने आपल्या नव्या निबंधांत आपल्याच जुन्या निबंधांचा उल्लेख केला होता. मला वाईट वाटले. आपण आपली स्तुती करू नये, हे घरात कोणी सांगायला हवे होते. ते कर्तव्य माझेच होते आणि मी चुकलो होतो. माझ्या स्वतःच्या त्या एकमेव उल्लेखाची आठवण मला झाली, परंतु ती मी बाजूला सारली. बेचाळीस उल्लेख मी वजा केले. एकोणीसशे चार राहिले. हे आकडे संख्येने कमी आणि चारित्र्याने जड होते.

आता तिसऱ्या खड्ड्याविषयी.

चौतीस निबंधांपैकी सतरा निबंधांत लेखकांच्या नावांची रांग अशी होती, की तिथे तिच्या विद्यार्थिनींची नावे आधी आणि सूनबाईचे नाव अगदी शेवटी. एका निबंधात नऊ नावे होती आणि ती नववी होती. मी तो कागद उजेडात धरून पुन्हा वाचला. ज्या मुलीच्या प्रयोगशाळेत हे काम झाले, जिने त्यांना हाताला धरून शिकवले, तिचे नाव सर्वांच्या मागे? मानपत्र असो, ग्रंथाची प्रस्तावना असो, दारावरची पाटी असो, पूज्याचे नाव आधी येते, हे मला कोणी शिकवावे लागले नव्हते. छापणाऱ्यांचा हलगर्जीपणा म्हणावा, तर सतरा वेळा? म्हणजे तिचा संकोची स्वभाव आणि भोवतालच्यांनी घेतलेला त्याचा फायदा. अर्जात तर स्पष्ट लिहिले होते: लेखक, क्रमाने. क्रम कशाला म्हणतात हे मला ठाऊक होते. मी सतराही ठिकाणी तिचे नाव उचलून पहिल्या जागी बसवले. तिच्यानंतर इतर ज्येष्ठ, आणि रांगेत सर्वांत पुढे घुसलेल्या विद्यार्थिनीला शेवटी. लिहिताना मला आपण एका अन्यायाचे निवारण करत आहोत असे वाटत होते, आणि अक्षरही सुंदर येत होते.

सूची मी अर्जाला जोडली. सूनबाई सातव्या दिवशी संध्याकाळी आली, एका हातात पाव घेऊन तिने एकवीस पानांवर सह्या केल्या आणि तशीच खुर्चीत झोपली.

"तिला दाखवलीत का यादी?" कुटुंबाने विचारले.

"तिने सही केली."

"सही केली म्हणजे वाचलं असं नव्हे. लग्न झाल्यापासून मीही तुमचे लेख 'छान झालाय' म्हणून परत देतेच आहे."

ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. मी तिचा पुढे विचार करायचे ठरवले आणि अजून करतो आहे.

आठव्या दिवशी मी अर्जाच्या सात प्रती काढून संस्थेच्या आवक कक्षात गेलो. खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून गेली तीस वर्षे जगातले सर्व कागद गेले असावेत, असा त्यांचा चेहरा शांत होता. त्यांनी सात प्रती उलटून पाहिल्या.

"मागची बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या.

"हो. मजकूर पुढच्या बाजूला आहे."

"कोरी बाजू तशी चालत नाही. नंतर कोणी काही लिहिलं तर? प्रत्येक कोऱ्या बाजूवर 'ही बाजू कोरी आहे' असं लिहा आणि खाली सही करा."

"पण तसं लिहिलं, की ती कोरी राहत नाही."

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "शिक्षक होता का?" त्यांनी विचारले, आणि समोरचे बाक दाखवले. मी त्या बाकावर बसून एकशे सत्तेचाळीस वेळा ते असत्य वचन लिहिले आणि सूचीकार म्हणून प्रत्येकाखाली सही केली. अर्ज स्वीकारला गेला. शिक्क्याचा आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच दिवशी तो भांड्यासकट खाली पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सूनबाईची एक विद्यार्थिनी उभी होती. हीच ती नऊ नावांच्या निबंधातली पहिली मुलगी. तिच्या हातात आमच्या सूचीची झेरॉक्स होती. प्रयोगशाळेत एक प्रत ठेवावी लागते म्हणून मीच ती पाठवली होती.

"आजोबा, ही यादी तुम्ही केलीत?"

"हो. ये, बस."

ती बसली नाही. "माझी चार वर्षं गेली या पेपरमध्ये. तुम्ही मला शेवटी टाकलंत."

"बाळ, तू अजून लहान आहेस," मी म्हणालो. "पहिला मान गुरूचा."

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटते त्यात थोडे हसूही होते. "आमच्यात ज्यानं हातानं काम केलं, तो पहिला असतो. आणि ज्याची लॅब, ज्याची कल्पना, ज्यानं सगळ्याची जबाबदारी घेतली, त्याचं नाव शेवटी. शेवटची जागाच मोठी. तुम्ही मॅडमना सतरा पेपरमध्ये पहिलं केलंत, म्हणजे त्यांनी नुसतं काम केलं आणि लॅब आमची. कागदोपत्री मी त्यांची गाइड झालेय."

मी खाली बसलो. नऊ वर्षे जिने प्रयोगशाळा उभी केली, तिला मी एका सुंदर अक्षरात लिहिलेल्या परिशिष्टाद्वारे तिच्याच विद्यार्थिनींची विद्यार्थिनी करून टाकले होते, आणि हे कागद आता समितीच्या टेबलावर होते. जी आपण होऊन सर्वांच्या मागे उभी राहते आणि चूक झाली तर सर्वांच्या आधी पुढे येते, ती या विद्येत श्रेष्ठ. असा विनय मी ग्रंथांत पुष्कळ वाचला होता. कोणी त्याचा नियम करून ठेवला असेल, असे मनातही आले नव्हते.

सूनबाई घरी आली, तेव्हा तिला आधीच कळले होते. ती चपलांच्या स्टुलावर बसली आणि पट्टा सोडायचे विसरून तशीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला माझ्याच लॅबमध्ये कामाला लावलंत."

ती रागावली असती तर मला सोसले असते. कुटुंब स्वयंपाकघरातून बाहेर आले, माझ्याकडे पाहून पुन्हा आत गेले, आणि आतून भांड्यांचा जो आवाज आला, त्यात संपूर्ण भाष्य होते.

"समिती खोटी माहिती दिली असं म्हणेल," सूनबाई म्हणाली. "सही माझी आहे. मी वाचायला हवं होतं."

सकाळी आवक कक्ष उघडण्याआधी मी खिडकीशी उभा होतो. बाईंनी ऐकून घेतले आणि शुद्धिपत्राचा नमुना पुढे सरकवला. त्यात प्रत्येक बदलासमोर 'कारण' असे सदर होते.

"कारण सासऱ्याचं अज्ञान," मी म्हणालो.

"अज्ञान या सदरात बसत नाही. 'लेखनदोष' लिहा."

"लेखनदोष नव्हता. विचारपूर्वक केलं होतं."

"मग अडचण आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवले आणि थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, एकेका नोंदीसमोर खरं काय ते लिहा. सतरा आणि बेचाळीस. समिती उद्या दुपारी बसतेय. आणि नियमानं ज्याची चूक, तो हजर पाहिजे."

सतरा नोंदी सोप्या होत्या. बेचाळीस उल्लेख परत जागेवर ठेवायचे, तर मी ते का काढले आणि का ठेवतो आहे, हे लिहिणे भाग होते. आणि ते लिहायचे, तर तो उल्लेख निबंधात कोणत्या वाक्यात आला आहे, हे पाहणे भाग होते. तोवर मी केवळ नावे मोजली होती. वाक्य एकही वाचले नव्हते. हस्तलिखित न उघडता त्याची पाने मोजणाऱ्या माणसाला मी वर्गाबाहेर काढले असते.

दशांशराव शब्दकोश घेऊन शेजारी बसले आणि आम्ही एकेक वाक्य लावत गेलो. 'पेशी वाढवण्याची पद्धत आमच्या पूर्वीच्या निबंधात दिली आहे.' 'मोजमापासाठी तेथील कोष्टक पाहा.' चाळीस ठिकाणी असेच. ती स्तुती नव्हती. वाचणाऱ्याने मागची पायरी कुठे आहे हे पाहून पाय टाकावा, म्हणून केलेली खूण होती. एकेचाळिसावाही तसाच. बेचाळिसावा पाच वर्षांपूर्वीच्या एका दोन पानी निबंधात होता. त्याचे पहिले वाक्य आम्ही तीनदा लावले, कारण तिन्ही वेळा त्याचा अर्थ तोच निघत होता आणि आमचा विश्वास बसत नव्हता.

त्यात लिहिले होते, की अकरा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या आमच्या निबंधातला मुख्य निष्कर्ष अर्धा चुकीचा आहे. तुटीपाशी अमुक प्रथिन सर्वांत आधी येते, असे आम्ही म्हटले होते. ते ज्या अँटीबॉडीने ओळखले, ती अँटीबॉडी दुसऱ्याही एका प्रथिनाला चिकटते, असे आम्हांला आता आढळले. तिचा अनुक्रमांक पुढे देत आहोत. ती वापरणाऱ्यांनी आपले प्रयोग तपासून पाहावेत. खाली नावे दोन. शेवटचे सूनबाईचे.

आणि ज्यातली चूक सांगितली, तो निबंध तिच्या चौतीस निबंधांत सर्वांत नावाजलेला होता. दोनशे बारा उल्लेख. दशांशरावांनी नकळत चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "कुणी विचारलं नव्हतं तिला," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एकानंही शंका काढलेली दिसत नाही." त्यांच्या वाक्यात दशांश चिन्ह नव्हते.

त्या दोन पानांचा स्वतःचा असा उल्लेख जगात नऊच जणांनी केला होता. आम्ही तेही नऊ पाहिले. त्यांतल्या एकाने, खूप लांबच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या माणसाने, आभाराच्या ओळीत लिहिले होते, की या दोन पानांमुळे आमच्या विद्यार्थ्याची तीन वर्षे वाचली.

मी शब्दकोश मिटला. ज्या उल्लेखाला मी आत्मस्तुती म्हणून काट मारली होती, तो प्रत्यक्षात काय होता, हे मला आता दिसत होते. पूर्वपक्ष मांडायचा आणि मग त्याचे खंडन करायचे, ही आमच्या शास्त्रांची रीत मला तोंडपाठ आहे. परंतु आमच्याकडे पूर्वपक्ष सहसा दुसऱ्याचा असतो. बेचाळिसाव्या नोंदीपुढे, त्या अरुंद सदरात मावेल एवढ्या लहान अक्षरात, मी लिहिले: 'येथे लेखिकेने स्वतःची चूक स्वतः जगाला सांगितली आहे. ही नोंद मी अहंकार समजून खोडली होती. खोडणाऱ्याला क्षमा असावी.'

हे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा कुटुंबाने कपाळाला हात लावला.

"अहो, समितीला ते माहीत नसेल तर? तुम्ही सांगायला निघालात, की हिचा सगळ्यात गाजलेला पेपर चुकलाय."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी खोडण्यासाठी पेन उचलले. सूनबाईने ते माझ्या हातातून काढून घेतले.

"राहू द्या, बाबा. मीच छापलंय ते. आता लपवायचं काय?"

"तेव्हा भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटली ना. आठवडाभर जेवण गेलं नाही. तुम्हाला वाटलं, मी डाएट करतेय."

समितीच्या खोलीत पाच जण होते. मधोमध अध्यक्षाबाई, माझ्याच वयाच्या, पुढ्यात आमची सूची आणि शुद्धिपत्र. सूनबाई टेबलाच्या या टोकाला उभी. मी दाराशी.

"सूची कोणी केली?" अध्यक्षाबाईंनी विचारले.

"माझ्या सासऱ्यांनी. पण सही माझी आहे. जबाबदारी माझी."

"नावं का बदलली?"

हा प्रश्न मला होता. मी पुढे झालो. "गुरूचं नाव मागे राहिलं, असं मला वाटलं. तुमच्याकडे मागची जागाच गुरूची असते, हे मला विद्यार्थिनीनं शिकवलं. ती पहिली आहे, ते योग्यच आहे."

एका सदस्याने खोकल्यासारखे काहीतरी केले. दुसरे, बारीक चष्म्याचे, शुद्धिपत्राच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघायला हवं. सर्वाधिक उल्लेख असलेला पेपरच अर्धा चुकीचा, असं इथं म्हटलंय. मग ते दोनशे बारा धरायचे का? निम्मे धरायचे?"

सूनबाईने मान खाली घातली नाही, हे मी मागून पाहिले. आपल्या नऊ वर्षांचा निकाल आपल्या सासऱ्याच्या एका वाक्यामुळे असा टेबलावर उघडा पडला असताना ती ज्या शांततेने उभी होती, ती शांतता मला माझ्या सर्व शास्त्राध्ययनातून मिळाली नव्हती.

अध्यक्षाबाईंनी ती दोन पाने मागवून घेतली आणि माझ्याकडे पाहिले. "तुम्ही हे वाचलंत?"

"पहिलं वाक्य वाचलं. मधलं मला कळत नाही."

"मधलं मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी, आलं त्याच दिवशी. त्या अँटीबॉडीची बाटली आमच्याही फ्रीजमध्ये होती." त्यांनी बारीक चष्म्याच्या सदस्यांकडे पाहिले. "आम्ही गुपचूप काढून टाकली आणि काही लिहिलं नाही. कुठल्याच यादीत माझं नाव येणार नाही. पण निम्मे धरायचे की पुरे, हे मला तरी विचारू नका."

त्यांनी शुद्धिपत्रावर सही केली आणि ते उजवीकडे दिले. ते पान टेबलाभोवती फिरले. बारीक चष्म्याच्या सदस्यांनी सर्वांत शेवटी, पण सावकाश आणि पूर्ण सही केली.

निकालाचे पत्र अकरा दिवसांनी आले. ती कायम झाली. विमेकरीणबाई येऊन गेल्या. या खेपेला त्यांनी नुसता चहा घेतला.

त्यानंतरच्या एका सकाळी सूनबाई मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. खोली लहान होती, थंड होती, आणि तिथे सारखी कसली तरी घरघर चालू होती. नऊ नावांच्या निबंधातली ती मुलगी सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. ती उठली, मला जागा दिली आणि म्हणाली, "आजोबा, एक डोळा मिटा."

काळोखात निळ्या वाटोळ्या पेशी होत्या, आणि प्रत्येकीत चार-दोन हिरवे ठिपके. जिथे धागा तुटला आहे तिथे ते ठिपके असतात, असे तिने सांगितले. सांधणारे तिथे येऊन पोहोचले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मी बराच वेळ पाहत राहिलो. मागे सूनबाई कोणाला तरी हळूच सांगत होती, की बाबांना बघू दे.

जे आपली चूक उजेडात आणून मग शांतपणे कामाला लागतात, त्या साऱ्यांचे हात स्थिर राहोत. त्यांच्या पेशी त्यांच्या हातांत सुखाने वाढोत. दूर कोठे जी अनोळखी माणसे त्यांचे नाव लिहितात, आणि ज्यांच्याकडून ते लिहायचे राहून गेले, त्या सर्वांचे कल्याण असो.